गाव नसलेले संघ

२०१७ सालच्या ३० एप्रिल रोजी आय-लीग फुटबॉल स्पर्धेचा हंगाम संपला. देशातील सर्वोच्च व्यावसायिक साखळी स्पर्धा हा मान त्या वेळी तिच्याकडे होता. दहा संघांच्या गुणतक्त्यात सर्वांत वर ऐझॉलचा संघ होता आणि सर्वांत खाली मुंबईचा. ईशान्येकडील कोणत्याही संघाने ही स्पर्धा पूर्वी कधी जिंकली नव्हती. त्यामुळे देशभरच्या वृत्तपत्रांनी पहिल्या क्रमांकाचे कौतुक केले, आणि ते योग्यच होते. इंग्लंडमध्ये लेस्टर सिटीने आदल्याच वर्षी घडविलेल्या चमत्काराची आठवणही अनेकांनी काढली. शेवटच्या क्रमांकाकडे मात्र महाराष्ट्रातसुद्धा फारसे कोणी पाहिले नाही. वास्तविक आपल्या दृष्टीने विचार करण्यासारखे जे काही होते, ते तेथेच होते.

प्रथम त्या हंगामाची हकिगत. अखेरच्या टप्प्यात ऐझॉल आणि कोलकात्याचा मोहन बागान यांच्यात चुरस होती. २२ एप्रिलला ऐझॉलमध्ये दोघांची गाठ पडली आणि सामना संपत आला असताना झोमिंगलियाना राल्टे या बचावपटूने डोक्याने मारलेल्या एकमेव गोलवर यजमान जिंकले. विजेतेपदासाठी आता एका गुणाची गरज होती. शिलाँगमध्ये लाजोंगविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात पहिल्या काही मिनिटांतच ऐझॉलवर गोल झाला. उत्तरार्धात विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली आणि १-१ असा सामना संपला. ऐझॉलचे ३७ गुण झाले, मोहन बागानचे ३६. डोंगरांतून, वळणावळणांच्या रस्त्यांनी प्रवास करून ऐझॉलहून आलेले प्रेक्षक त्या दिवशी शिलाँगच्या मैदानात होते.

या संघाचे प्रशिक्षक खालिद जमील हे मुंबईचे. आधीची सात वर्षे ते ‘मुंबई एफसी’ या संघाचे प्रशिक्षक होते. हाती साधने बेताची, खेळाडू बहुधा दुसऱ्यांनी न घेतलेले. तरीही त्या सात वर्षांत मुंबईचा संघ खालच्या श्रेणीत कधी घसरला नाही. तो खेळ प्रेक्षणीय नव्हता, अशी तक्रार जाणकार करीत, आणि तीत तथ्यही होते. पण तगून राहणे हीसुद्धा एक विद्या आहे. २०१६ मध्ये क्लबचे आणि त्यांचे मार्ग वेगळे झाले. जमील ऐझॉलला गेले. पूर्वी मुंबईच्या संघातून खेळलेला जयेश राणे हा मुंबईकर तरुणही त्या हंगामात ऐझॉलकडून खेळला. जमील ऐझॉलसह विजेते झाले त्याच हंगामात मुंबईचा संघ तळाला गेला. पुढे २०२५ च्या ऑगस्टमध्ये हेच जमील भारतीय संघाचे प्रशिक्षक नेमले गेले.

येथपर्यंतची गोष्ट एका माणसाच्या कर्तृत्वाची म्हणून सांगता येईल. परंतु तेवढ्यावर थांबणे म्हणजे खरा प्रश्न टाळणे होय. कारण आदल्याच हंगामात, म्हणजे २०१५-१६ मध्ये, ऐझॉलचा संघही घसरला होता. नऊ संघांत त्याचा क्रमांक आठवा होता. नववा, म्हणजे अगदी शेवटचा, होता पुण्याचा ‘डीएसके शिवाजीयन्स’. पण पुण्याच्या या संघाला उद्योगसमूहाचा संघ म्हणून थेट प्रवेश मिळालेला होता आणि त्याबरोबर पदावनतीपासून अभयही मिळाले होते. म्हणून शेवटचा राहिला आणि त्याच्या वरचा उतरविला गेला! गोव्यातील संघांनी स्पर्धेतून अंग काढून घेतल्यामुळे जागा रिकामी झाली, आणि ऐझॉलला पुन्हा प्रवेश मिळाला. दैव म्हणा हवे तर. पण दार उघडले तेव्हा आत यायला संघ जिवंत होता, हे महत्त्वाचे.

मुंबईचे काय झाले? २०१७ मध्ये संघ घसरला आणि त्याच वर्षी बंद झाला. द्वितीय श्रेणीत खेळून, एखादे वर्ष हाल सोसून परत यावे, हा विचार टिकला नाही. पुण्याचा संघही पुढच्या हंगामात दिसला नाही. एका वर्षात महाराष्ट्राचे दोन्ही संघ या स्पर्धेतून नाहीसे झाले, आणि त्याबद्दल कोठे मोर्चा निघाला नाही की संपादकांस पत्रांचा पाऊस पडला नाही. ज्या वस्तूच्या जाण्याने कोणाचे घर रिकामे होत नाही, ती वस्तू कोणाचीच नव्हती, असा त्याचा अर्थ होतो.

हे प्रथमच घडले असेही नाही. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली होती. डेरिक परेरा प्रशिक्षक होते, ब्राझीलचा बॅरेटो संघात होता. मुंबईचा संघ देशाचा विजेता झाला आणि अवघ्या चार वर्षांनी, २०१० मध्ये, कंपनीने संघ गुंडाळला. यापुढे शालेय फुटबॉलकडे लक्ष द्यावयाचे आहे, असे सांगण्यात आले. हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तथापि ज्या संघाचे भवितव्य संचालक मंडळाच्या बैठकीतील एका ठरावावर अवलंबून असते, त्याला सर्वस्वी गावाचा संघ म्हणता येत नाही.

जुन्या पिढीला आठवत असेल की, १८९१ पासून चालत आलेल्या रोव्हर्स चषकाच्या काळात कूपरेजवर उतरणारे मुंबईचे कितीतरी संघ कचेऱ्यांचे आणि गिरण्यांचेच होते. टाटा, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, रेल्वे. त्या व्यवस्थेत खेळाडूला नोकरी होती. सकाळी सराव, दुपारी टेबलावरच्या फायली आणि निवृत्तीनंतर पेन्शन. ती व्यवस्था हिणवण्याजोगी खचितच नव्हती. तिने शेकडो घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. व्यावसायिक फुटबॉल आले तेव्हा ही नोकरी गेली आणि तिच्या जागी करार आला. कराराला मुदत असते. नोकरीच्या जागी गावाचा आधार उभा राहावयास हवा होता, तो आपल्याकडे उभा राहिला नाही.

मिझोराममध्ये तो कसा उभा राहिला? ऐझॉलच्या संघालाही धनिक मालक होता. लोकवर्गणीवर चाललेला संघ अशी भाबडी समजूत करून घेण्याचे कारण नाही. विजेतेपदानंतर काही महिन्यांत प्रशिक्षक गेले, प्रमुख खेळाडूही गेले. पण संघ राहिला, कारण त्याच्याखाली जमीन होती. २०१२ पासून मिझोराममध्ये राज्याची स्वतःची प्रीमियर लीग सुरू झाली. तेथील स्थानिक केबल वाहिनीने तिचे सामने घरोघर दाखविले. आपल्या आळीतला मुलगा संध्याकाळी पडद्यावर दिसू लागला. २०१४ मध्ये मिझोरामने संतोष चषक प्रथमच जिंकला, आणि तोही अंतिम सामन्यात रेल्वेच्या संघाला ३-० असे हरवून. २०१७ चे यश या पायावर आलेले आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार साऱ्या मिझोराम राज्याची लोकसंख्या १० लाख ९७ हजार आहे. त्याच जनगणनेत एकट्या कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक भरली. म्हणजे ठाकुर्लीच्या अलीकडे-पलीकडे धीम्या लोकलच्या चार-दोन स्थानकांत जेवढी माणसे राहतात, त्याहून कमी माणसांचे एक राज्य देशाचा विजेता संघ देते. आणि आपणांस विजेता संघ पाहावयाचा तर सुमारे ५० किलोमीटरवरच्या कूपरेजला जावे लागत होते. ‘मुंबई’ या नावात ठाकुर्ली धरावयाची की नाही, हाही प्रश्नच. ज्या क्लबला काही हंगाम घरचे सामने पुण्याच्या बालेवाडीत खेळावे लागले, त्याने ठाकुर्लीच्या प्रेक्षकाची वाट काय पाहावी!

यावर उत्तर दिले जाते की, आता मुंबई सिटी आहे. आहे खरी. इंडियन सुपर लीगच्या २०२०-२१ च्या हंगामात तिने साखळीतील अग्रस्थान आणि अंतिम सामना दोन्ही जिंकले. अंतिम सामन्यात अगदी शेवटच्या क्षणी बिपिन सिंहने केलेला गोल विसरण्यासारखा नाही. पण कोरोनाच्या साथीमुळे तो संपूर्ण हंगाम गोव्यात, रिकाम्या मैदानांवर झाला होता. पुढे २०२५ मध्ये संयोजक आणि महासंघ यांच्यातील कराराच्या प्रश्नावरून साऱ्या स्पर्धेचाच हंगाम वेळेवर सुरू होऊ शकला नाही. नुसत्या कागदावर उभी असलेली स्पर्धा कागद संपला की थांबते.

मग येथे काय करता येईल? डोंबिवलीचे सावळाराम महाराज क्रीडा संकुल सर्वांच्या परिचयाचे आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत, म्हणजे वर वर्णिलेला हंगाम चालू असतानाच, नव्वदावे साहित्य संमेलन त्याच आवारात भरले. साहित्याचा आनंद आम्हांसही आहे. पण क्रीडा संकुलाला खेळाखेरीज सर्व काही चालते, ही आपली जुनी सवय आहे. ठाकुर्ली-कल्याण परिसरात रेल्वेच्या ताब्यातील मोकळी जमीनही थोडीथोडकी नाही. दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण, शहाड, आंबिवली असे आठ-दहा संघ, वयानुसार दोन गट, आणि रविवारी दोन सामने, एवढ्याने आरंभ होऊ शकतो. पंच म्हणून शाळांतील क्रीडाशिक्षक आहेत. सामने दाखवायला स्थानिक केबलवाले आहेत; ऐझॉलमध्ये तरी याहून वेगळे कोण होते?

महापालिकेने एकच गोष्ट करावी. पावसाळा संपताच त्या वर्षीचे मैदानाचे वेळापत्रक जाहीर करावे, आणि सामन्यांसाठी राखलेले रविवार कोणत्याही महोत्सवाला, प्रदर्शनाला वा प्रचारसभेला देऊ नयेत. पहिल्या वर्षी प्रेक्षक म्हणून खेळाडूंचे आईबापच येतील. दुसऱ्या वर्षी शेजारच्या चाळीतले येतील, आणि ठाकुर्ली डोंबिवलीकडून हरली तर सोमवारी सकाळच्या गाडीत त्यावरून भांडणही होईल.