शिकाऊ उमेदवारी (भारत)

शिकाऊ उमेदवारी म्हणजे कारखान्यात किंवा अन्य आस्थापनेत प्रत्यक्ष काम करीत व्यवसाय शिकण्याची पद्धत होय. भारतात तिचे नियमन शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ या केंद्रीय कायद्याने होते. तो १ मार्च १९६२ पासून अंमलात आला.

शब्द
फारसीतून आलेल्या 'उमेद' या शब्दाचा अर्थ आशा असा आहे. पुढे नोकरी मिळेल या आशेने बिनपगारी किंवा अल्प मोबदल्यावर काम करणाऱ्यास मराठीत पूर्वीपासून 'उमेदवार' म्हणत.

पार्श्वभूमी
सुतारकाम, लोहारकाम, विणकाम यांसारखी कौशल्ये परंपरेने घरातच पुढील पिढीकडे जात. स्वातंत्र्यानंतर उभ्या राहिलेल्या उद्योगांना वेगळ्या प्रकारचे कुशल कारागीर हवे होते. त्यासाठी १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली व औद्योगिक प्रशिक्षण संस्था (आयटीआय) स्थापन झाल्या. मात्र उत्पादनाची गती, मोजमापातील काटेकोरपणा आणि सांघिक कामाची शिस्त यांचा पुरेसा अनुभव संस्थेच्या कार्यशाळेत मिळत नाही. ही उणीव भरून काढणे हा १९६१ च्या कायद्याचा हेतू होता. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकी पदवी व पदविकाधारकांचाही त्यात समावेश झाला.

स्वरूप
उमेदवार व मालक यांच्यात करार होऊन त्याची नोंदणी केली जाते; उमेदवार अज्ञान असल्यास त्याचा पालक करार करतो. किमान वय १४ वर्षे, तर धोकादायक उद्योगांत १८ वर्षे आहे. जोडारी, कातारी, वीजतंत्री, संधाता हे यांतील परिचित व्यवसाय होत. मूलभूत प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षण असे शिक्षणाचे दोन भाग असतात. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक करण्यात आले. याच नियमांनी किमान मासिक विद्यावेतन शैक्षणिक पात्रतेप्रमाणे ५,००० ते ९,००० रुपये ठरविले.

कायदेशीर दर्जा
कलम १८ नुसार शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. त्यामुळे सर्वसाधारण कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत. तथापि आरोग्य व सुरक्षिततेच्या तरतुदींचे संरक्षण त्याला आहे, आणि प्रशिक्षणाच्या ओघात इजा झाल्यास मालकाला भरपाई द्यावी लागते. २०१४ च्या दुरुस्तीपूर्वी कलम २२ नुसार प्रशिक्षण संपल्यावर नोकरी देणे मालकावर, किंवा ती स्वीकारणे उमेदवारावर, बंधनकारक नव्हते. करारात तशी अट असेल, तरच ते दोघांवर बंधनकारक ठरते.

या तरतुदीवर दोन्ही बाजूंनी आक्षेप घेतले जातात. उमेदवारांकडून नियमित कामगाराचे काम अल्प विद्यावेतनात करून घेतले जाते, अशी कामगार संघटनांची टीका आहे. शिकवण्यावर खर्च केलेला उमेदवार दुसरीकडे निघून जातो, अशी उद्योजकांची तक्रार असते.

न्यायालयीन निर्णय
उत्तर प्रदेश राज्य मार्ग परिवहन महामंडळाशी संबंधित खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली. अन्य बाबी समान असतील, तर थेट भरतीतील इतर अर्जदारांपेक्षा प्रशिक्षित शिकाऊ उमेदवारास प्राधान्य द्यावे, तसेच त्याचे नाव सेवायोजन कार्यालयामार्फत येण्याचा आग्रह धरू नये, असे त्यांत म्हटले आहे. हे प्राधान्य म्हणजे नोकरीची हमी नव्हे. निवडप्रक्रियेत उमेदवाराला स्वतःची पात्रता सिद्ध करावीच लागते.

नंतरचे बदल
२०१४ च्या दुरुस्तीने कायदाभंगासाठीची कारावासाची शिक्षा रद्द करून केवळ दंड ठेवला, आणि उद्योगांना नवे ऐच्छिक व्यवसाय ठरविण्याची मुभा दिली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाच्या २५ टक्के, कमाल दरमहा १,५०० रुपये, इतका वाटा केंद्र सरकारने उचलला. प्रशिक्षणानंतरच्या नोकरीबाबत करारात काय लिहिले आहे, हे उमेदवाराच्या दृष्टीने निर्णायक ठरते.