पटिंग ग्रीनवर काय चालते, काय नाही

गोल्फमध्ये भोकाभोवतीच्या, अगदी बारीक कापलेल्या हिरवळीला पटिंग ग्रीन म्हणतात. भोकाचा व्यास जेमतेम १०८ मिलिमीटर, त्यामुळे इथे गवताचा लहानसा उंचवटाही चेंडूची वाट बदलतो. चेंडूमागे नाणे किंवा खूणपट्टी ठेवून तो उचलता येतो, पुसता येतो. मात्र परत त्याच जागी ठेवावा लागतो. खूण न करता उचलला तर एका फटक्याचा दंड.

२०१९ साली नियम बरेच सैल झाले आणि ते योग्यच झाले. त्याआधी बुटांच्या खिळ्यांचे ओरखडे मार्गात असले तरी ते फटक्याआधी सपाट करता येत नसत. आता चेंडूचे खळगे, बुटांच्या खुणा, जनावरांचे ठसे बोटांनी किंवा पटरच्या (हिरवळीवर फटका मारायच्या दांड्याच्या) तळाने नीट करता येतात. सुटी वाळू-मातीही झटकता येते. हवा खेळण्यासाठी पाडलेली छिद्रे आणि नैसर्गिक झीज यांना मात्र हात लावता येत नाही. झेंड्याची काठी भोकात ठेवूनही आता पट (हिरवळीवरचा घरंगळता फटका) मारता येतो. चेंडू चुकून हलला तर दंड नाही, तो मूळ जागी ठेवायचा.

पृष्ठभाग घासून किंवा चेंडू घरंगळवून हिरवळीचा अंदाज घेणे निषिद्ध आहे. चेंडूच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून मुद्दाम फटका मारता येत नाही. काठावर लोंबकळणाऱ्या चेंडूसाठी, भोकाजवळ पोहोचल्यावर, १० सेकंद थांबता येते.