कुत्र्याचे मागचे पाय अचानक गेले तर...

काल संध्याकाळपर्यंत ओट्यावरून उड्या मारणारा कुत्रा सकाळी मागचे पाय फरफटत येतो. कुणी म्हणते नजर लागली, कुणी म्हणते करणी केली. असे काही नसते. वाहनाची धडक किंवा काठीचा मार हे कारण असू शकते. पण मार न लागताही पाय गेले असतील, तर बरेचदा मणक्यातील गादी सरकलेली असते.

माणसाप्रमाणे कुत्र्याच्याही मणक्यांमध्ये गादी असते. बाहेर चिवट कडे आणि आत मऊ गर. डॅशहुंड, म्हणजे लांब अंगाचा नि आखूड पायांचा कुत्रा, तसेच पेकिनीज, बीगल या जातींत हा गर तरुणपणीच सुकून कडक होतो. एखाद्या उडीने कडे फाटते आणि गर मज्जारज्जूवर दाबतो. मोठ्या अंगाच्या कुत्र्यांत हा त्रास बहुधा उतारवयात, हळूहळू होतो.

कुत्रा चालत असेल, फक्त पाठ दुखत असेल, तर 4 ते 6 आठवडे लहानशा बंदिस्त जागेत सक्त विश्रांती आणि डॉक्टरांची औषधे पुरतात. पाय लुळे पडले असतील तर मात्र थांबू नये. डॉक्टर बोटाच्या हाडाला जोरात चिमटा घेतात. नुसता पाय आखडला तर उपयोग नाही. कुत्रा वळून पाहतो का, ओरडतो का, हे महत्त्वाचे. वेदना कळत असेल तर ऑपरेशननंतर 10 पैकी 8-9 कुत्री पुन्हा चालतात. कळत नसेल तर साधारण निम्मीच. म्हणून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

साध्या एक्स-रेत मज्जारज्जू दिसत नाही. त्यासाठी सीटी स्कॅन किंवा एमआरआय लागतो. मग भूल देऊन मणक्याच्या एका बाजूचे थोडे हाड काढतात आणि त्या खिडकीतून बाहेर आलेला गर काढून दाब उतरवतात.

हा खर्च मोठा आहे. परळ आणि नागपूर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथे आधी चौकशी करावी. ऑपरेशन जमले नाही तरी वेदना कळणारी बरीच कुत्री विश्रांतीने सावरतात, फक्त वेळ जास्त लागतो. तेव्हा त्याला रस्त्यावर सोडू नका.

घरी घ्यायची काळजी :

• कुत्र्याला फळीवर किंवा ताणून धरलेल्या चादरीवर न्यावे.

• आपली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन देऊ नये. ती त्याला विषारी ठरू शकतात.

• मऊ अंथरूण द्यावे, दर काही तासांनी कूस बदलावी.

• लघवी तुंबू देऊ नये. पोट दाबून ती कशी काढायची हे डॉक्टरांकडून शिकून घ्यावे.

एक सावधगिरी : पाय लुळे पडण्याबरोबर लाळ गळत असेल, जबडा लोंबत असेल, तर तो रेबीजही असू शकतो. अशा कुत्र्याला हात लावू नका, मुलांना दूर ठेवा. चावा बसला किंवा लाळ जखमेला लागली तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवा आणि लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या.