संगणकाचाही रोजमेळ असतो
सर्व्हर मंदावला तर दोष कोणाचा, हे लॉग फाइल सांगते

व्यापारात रोजमेळाचे महत्त्व आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. संध्याकाळी गल्ल्यात शंभर रुपये कमी भरले, तर जाणता व्यापारी आधी रोजमेळ उघडतो आणि मग नोकराला हाक मारतो. ज्याच्याकडे रोजमेळच नाही, तो आधी नोकरावर संशय घेतो. आज पेढीची बिले, साठा, ताक्यांची आवक-जावक आणि उधारी हे सर्व संगणकावर गेले आहे. परंतु संगणकाचाही एक रोजमेळ असतो व तोही नीट सांभाळावा लागतो, ही गोष्ट फार थोड्या व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. त्या रोजमेळाला लॉग फाइल म्हणतात.

मी कापडाचा व्यापारी आहे, संगणकाचा इंजिनियर नाही. पण ज्याचा धंदा ज्या यंत्रावर चालतो, त्या यंत्राची मोटामोटी माहिती त्याला असलीच पाहिजे. माग चालविणाऱ्याला ताणा तुटला की बाणा अडकला एवढे कळावे लागते. सर्व्हरचेही तसेच आहे.

दोषाची वाटणी

सणासुदीच्या गर्दीत काउंटरवर बिल निघायला वेळ लागतो, गिऱ्हाईक उभे राहून कंटाळते, हा अनुभव अनेकांना आहे. मग बोलावणी सुरू होतात. इंटरनेटवाला म्हणतो, लाइन ठीक आहे, सॉफ्टवेअर पाहा. सॉफ्टवेअरवाला म्हणतो, आमचा प्रोग्रॅम ठीक आहे, सर्व्हर जुना झाला. सर्व्हरवाला नव्या यंत्राचे कोटेशन काढतो. तिघांनी हात झटकले की बोलणी कोणाला बसतात? काउंटरवरच्या पोराला. त्याचा पगार सर्वांत कमी आणि त्याची बाजू मांडणारे कोणी नाही.

अशा वेळी पक्षपात न करणारा साक्षीदार एकच असतो आणि तो म्हणजे त्या वेळची लेखी नोंद. ती जपली असेल तर विनाकारण नवे यंत्र घ्यावे लागत नाही आणि निरपराध माणसाला बोल लागत नाही.

पहारेकरी सॉफ्टवेअर

सर्व्हरवर नजर ठेवणारी सॉफ्टवेअर निराळी असतात. झॅबिक्स हे त्यांपैकी एक प्रसिद्ध नाव. लाटव्हिया देशातील अलेक्सेई व्लादिशेव यांनी ते तयार केले आणि २००१ साली सर्वांसाठी खुले केले. त्याला परवान्याची किंमत पडत नाही, म्हणून लहान पेढ्यांनाही ते परवडते. पुढील विवेचन त्याच्याच आधाराने केले आहे. तत्त्वे मात्र अशा सर्वच सॉफ्टवेअरना लागू पडतात.

त्याची रचना सोपी आहे. एक मुख्य यंत्र पहारेकऱ्याचे काम करते. ज्या यंत्रांवर नजर ठेवायची, त्यांत एजंट नावाचा छोटा प्रोग्रॅम बसवितात. मुख्य यंत्र ठरावीक वेळाने विचारते : प्रोसेसरवर भार किती? मेमरी किती शिल्लक? डिस्क किती भरली? आलेली उत्तरे डेटाबेसमध्ये साठतात, त्यांचे आलेख निघतात आणि मर्यादा ओलांडली की मालकाला इशारा जातो.

येथे एक अडचण आहे. आलेख मध्येच तुटला तर त्याचे दोन अर्थ निघतात. एक, बिलाचे यंत्र खरोखर बंद होते. दोन, यंत्र चालू होते, पण पहारेकऱ्याचाच डोळा लागला होता. आलेखाकडे पाहून हा फरक कळत नाही. म्हणून पहारेकऱ्याची स्वतःची नोंदवही, म्हणजे त्या सॉफ्टवेअरची लॉग फाइल, पाहावी लागते.

ओळ कशी वाचावी

झॅबिक्सच्या लॉगमधील ओळीची सुरुवात अशी असते : ४१२७:२०२५०२१८:११०२३५.४१८. पहिला आकडा नोंद करणाऱ्या प्रक्रियेचा क्रमांक, दुसरा तारीख म्हणजे १८ फेब्रुवारी २०२५, तिसरा वेळ म्हणजे ११ वाजून २ मिनिटे ३५ सेकंद आणि शेवटी सेकंदाचा हजारावा भाग. त्यापुढे मजकूर येतो.

एजंटकडून उत्तर आले नाही तर ‘फर्स्ट नेटवर्क एरर, वेट फॉर १५ सेकंड्स’ अशी नोंद पडते. म्हणजे पहिल्यांदा संपर्क तुटला, १५ सेकंदांनी पुन्हा विचारू. मूळ मांडणीत ४५ सेकंदांपर्यंत उत्तर आले नाही तर ते यंत्र अनुपलब्ध ठरते आणि मग दर ६० सेकंदांनी विचारणा होते. संपर्क जुळला की तीही नोंद होते. या दोन नोंदींमधील अंतर म्हणजे खंड किती वेळ टिकला याचा लेखी दाखला. इंटरनेटवाल्याशी बोलताना ‘लाइन सारखी जाते’ असे म्हणणे वेगळे आणि तारीख-वेळेसह चार नोंदी पुढे ठेवणे वेगळे.

एक सूचना. लॉग वाचताना शेवटच्या ओळीवर थांबू नये. शेवटची ओळ बहुधा परिणाम सांगते, कारण त्याच्या वर कोठेतरी असते. बिघाडाची वेळ धरून मागे मागे जावे आणि सर्व काही सुरळीत असल्याची शेवटची नोंद शोधावी. तिच्यानंतरची पहिली विपरीत ओळ हीच तपासाची सुरुवात.

किती लिहावे, किती नाही

नोंदवही किती तपशिलाने लिहायची हे ठरविता येते. झॅबिक्समध्ये त्यासाठी ‘डिबग लेव्हल’ नावाच्या ० ते ५ पायऱ्या आहेत. मूळ मांडणी ३ वर असते. तिच्यात इशारे आणि चुका नोंदल्या जातात. ४ वर बारीकसारीक हालचाल लिहिली जाते आणि ५ वर त्याहूनही अधिक.

बिघाड शोधण्यासाठी ४ लावणे योग्यच. पण काम झाल्यावर ती खाली आणली पाहिजे. ४ वर चालणारा सर्व्हर म्हणजे गिऱ्हाइकाने ठाण हातात घेतले, परत ठेवले, दुसरे मागितले, हे सर्व रोजमेळात लिहीत बसणारा मेहताजी. वही भरते, विक्रीची नोंद मात्र त्या गर्दीत सापडत नाही. शिवाय एवढे लिहिण्याचा भार सर्व्हरवरच पडतो आणि मंदपणा शोधायला गेलेला इलाजच मंदपणा वाढवितो.

चांगली गोष्ट अशी की, सॉफ्टवेअर बंद न करता चालू स्थितीतच ही पायरी चढविता-उतरविता येते आणि तीही संशय असलेल्या एकाच प्रक्रियेपुरती. आपल्या माणसाला तसेच करण्यास सांगावे.

वही भरली की काय?

लॉग फाइल आपोआप थांबत नाही. ती वाढत जाते आणि एक दिवस डिस्क भरते. डिस्क भरली की डेटाबेस लिहू शकत नाही आणि नोंद ठेवणारी वहीच धंदा बंद पाडते. म्हणून जुनी वही बाजूला ठेवून नवी सुरू करण्याची व्यवस्था लागते. तिला लॉग रोटेशन म्हणतात.

झॅबिक्समध्ये ही मर्यादा मेगाबाइटमध्ये देता येते. मर्यादा गाठली की फाइलच्या नावापुढे ‘ओल्ड’ लागते आणि नवी फाइल सुरू होते. पण आधीची ‘ओल्ड’ फाइल त्याच वेळी पुसली जाते. म्हणजे मर्यादा १ मेगाबाइट ठेवली तर फार तर २ मेगाबाइटचा इतिहास हाती राहतो. गडबडीच्या दिवशी तो लवकर संपतो आणि सकाळचा पुरावा दुपारी मिळत नाही.

मर्यादा ० ठेवली तर सॉफ्टवेअर स्वतः वही बदलत नाही. लिनक्सवर ते काम लॉगरोटेट नावाच्या प्रोग्रॅमकडे सोपविता येते. आठवड्याला नवी फाइल, जुन्या बारा फाइली दाबून जतन, अशी मांडणी पुष्कळ ठिकाणी असते. नेहमीच्या दिवसांना ती पुरते. पण डिबग लेव्हल ४ वर राहिली तर आठवडा संपण्याआधीच डिस्क भरू शकते. यावर उपाय म्हणून आकाराचीही मर्यादा घालता येते. तरीही लक्षात ठेवावे की लॉगरोटेट साधारणपणे दिवसातून एकदाच जागा होतो. आकार सकाळी ओलांडला तरी तो आपल्या वेळेलाच पाहणार.

आणखी एक फसवी गोष्ट. डिस्क भरली म्हणून घाईत मोठी लॉग फाइल पुसली, तरी जागा मोकळी होत नाही, असे लिनक्सवर घडते. याचे कारण असे की, अनेक प्रोग्रॅम फाइल उघडी धरून बसतात. यादीतून नाव गेले तरी प्रोग्रॅम त्याच फाइलीत लिहीत राहतो आणि तो फाइल बंद करीपर्यंत जागा अडलेलीच असते. अशा वेळी फाइल न पुसता रिकामी करावी किंवा तो प्रोग्रॅम रीतसर पुन्हा सुरू करावा. त्याआधी तिची एक प्रत दुसरीकडे घ्यावी, कारण कारणाचा पत्ता तिच्यातच असतो.

घड्याळ एकच असावे

दोन वह्यांतील वेळ जुळत नसेल तर दोन्ही निरुपयोगी. काही यंत्रे भारतीय वेळ लिहितात, काही जागतिक प्रमाणवेळ. दोहोंत साडेपाच तासांचा फरक आहे. काउंटर सकाळी ११ वाजता अडला आणि राउटर प्रमाणवेळ लिहीत असेल, तर त्याच्या वहीत ती घटना पहाटे ५:३० ला दिसेल. हे माहीत नसलेला माणूस ‘११ वाजता काहीच झाले नाही’ असे छातीठोकपणे सांगेल. म्हणून सर्व यंत्रांची घड्याळे एनटीपी पद्धतीने एकाच प्रमाणाशी जोडावीत आणि कोणते यंत्र कोणती वेळ लिहिते याची एक यादी भिंतीला लावून ठेवावी.

एक उदाहरण

समजा, दर तासाला काही मिनिटे आलेख तुटतो आणि नेमक्या त्याच वेळी बिलेही रखडतात. बिलाचे सॉफ्टवेअर आणि पहारेकरी एकाच यंत्रावर आहेत. सर्वांचा संशय लाइनवर जातो.

लॉग उघडल्यावर त्या वेळेला ‘एक्झिक्युटिंग हाउसकीपर’ ही ओळ दिसते. हाउसकीपर म्हणजे डेटाबेसमधील मुदत संपलेले आकडे काढून टाकणारी झाडूवाली प्रक्रिया. मूळ मांडणीत ती दर तासाला चालते. तिचे काम संपले की किती नोंदी काढल्या आणि किती सेकंद लागले याची ओळ पडते. तेथे काही सेकंदांऐवजी शेकडो सेकंद दिसले आणि त्याच दरम्यान ‘स्लो क्वेरी’च्या ओळींची रांग लागली, तर चित्र स्पष्ट होते. झाडलोट डिस्क अडवून धरते, म्हणून पहारेकऱ्याला लिहिता येत नाही आणि बिलालाही वाट मिळत नाही.

इलाज काय? बारीक आकडे थोडे दिवसच ठेवावेत. तासातासाची किमान, कमाल आणि सरासरी वेगळी साठविता येते, ती वर्षभर ठेवावी. एका खेपेला किती नोंदी काढायच्या याची मर्यादा तपासावी. शक्य असल्यास पहारेकऱ्याला निराळ्या यंत्रावर हलवावे. यात लाइनवाल्याचा दोष नाही, काउंटरवरच्या पोराचा तर मुळीच नाही.

साक्ष जपणे

ज्या डिस्कवर बिघाड होतो, तिच्यावरच लॉग असेल तर दोघेही एकदम जातात. म्हणून लॉगची प्रत दुसऱ्या यंत्राकडे पाठविण्याची सोय करावी. पहारेकरीच बंद पडला तर इशारा देणारा कोणी उरत नाही, तेव्हा त्याच्यावर बाहेरून नजर ठेवणारी एक साधी तपासणीही हवी. इशारा आला नाही याचा अर्थ सर्व ठीक आहे, असा होत नाही.

बारीक पातळीच्या लॉगमध्ये गिऱ्हाइकांची किंवा प्रवेशाची गुप्त माहिती उतरण्याचा संभव असतो. तो कोणालाही व्हॉट्सअॅपवर पाठवू नये. आवश्यक तेवढ्याच ओळी द्याव्यात.

कायद्याकडेही लक्ष असावे. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत लॉग १८० दिवस सुरक्षित ठेवण्यास आणि घड्याळे एनटीपीशी जोडण्यास सांगितले आहे. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरबदलाची नोंद राहिली पाहिजे, हा नियम १ एप्रिल २०२३ पासून निराळा आहे. आपल्या पेढीला यातले काय लागू पडते हे सल्लागाराकडून समजून घ्यावे.

थोडक्यात

१. लॉग कोठे साठतो आणि किती दिवसांचा मिळतो हे आजच विचारून घ्यावे.
२. डिबग लेव्हल नेहमी ३ वर असावी. वाढविली तर कोणी, केव्हा वाढविली आणि केव्हा उतरविणार हे लिहून ठेवावे.
३. वही बदलण्यास वेळ आणि आकार या दोन्ही मर्यादा असाव्यात.
४. डिस्क भरत आल्याचा इशारा ती भरण्याच्या पुष्कळ आधी मिळावा.
५. सर्व घड्याळे एक असावीत.
६. बिघाड झाल्यावर यंत्र बंद-चालू करण्याआधी लॉगची प्रत घ्यावी.
७. महिन्यातून एकदा, काही बिघडले नसतानाही, लॉग उघडून पाहावा. निरोगी दिवसाची वही कशी दिसते हे माहीत असेल, तरच आजारी दिवस ओळखू येतो.

या कामाला फार पैसा लागत नाही, शिस्त लागते. ती आपल्या व्यापाऱ्यांना नवी नाही. वाडवडिलांनी दिव्याखाली बसून वह्या लिहिल्या, त्या वह्यांच्या जोरावर वाद मिटविले. यंत्र बदलले, वहीचे काम तेच आहे.