ज्यूलची तार, बिअरचं पातेलं

बिअर घडवतं ते यीस्ट. माणसाच्या वाट्याला मुख्यतः पाणी तापवण्याचं काम येतं, आणि ते वाटतं तितकं सोपं नाही. मोड आणून वाळवलेली, भरडलेली बार्ली (माल्ट) ६५-६६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर मुरवायची. तिच्यातली विकरं स्टार्चची साखर करतात. मग तो गोड रस गाळून, हॉप्सची फुलं घालून तासभर उकळायचा. २५ लिटर रस इतका वेळ खळखळत ठेवणं घरातल्या शेगडीला झेपत नाही.

अमेरिकेत त्यासाठी बरेच हौशी लोक अंगणात मोठा गॅस बर्नर मांडतात. तोच बर्नर बंद घरात पेटवला तर कार्बन मोनॉक्साइडनं जीव जाऊ शकतो. ब्रिटनमध्ये वेगळी वाट निघाली. १९६३ साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी घरगुती बिअरवरची परवान्याची अट काढून टाकली. पुढे तिथल्या हौशी मंडळींनी विजेच्या किटलीतलं एलिमेंट काढून जाड प्लास्टिकच्या बादलीत बसवलं. तिथल्या साध्या सॉकेटवर तीन किलोवॅटपर्यंत शक्ती मिळते. अमेरिकेत १२० व्होल्टच्या सॉकेटवर ती दीड-पावणेदोन किलोवॅटवरच थांबते.

या बादलीमागचा नियम शोधणारा माणूसही ब्रुअरीवाल्याचाच मुलगा होता, हे मला फार आवडतं. जेम्स प्रेस्कॉट ज्यूल १८१८ साली मँचेस्टरला लागून असलेल्या सॅल्फर्डमध्ये जन्मला आणि घरच्या ब्रुअरीत कामही करू लागला. तारेचं वेटोळं पाण्यात बुडवायचं, त्यातून प्रवाह सोडायचा आणि पाणी किती तापलं ते थर्मामीटरवर वाचायचं, असे त्याचे प्रयोग. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि तारेच्या रोधाच्या प्रमाणात निर्माण होते, हा निष्कर्ष त्यानं १८४१ मध्ये प्रसिद्ध केला. बुडवलेली तार आणि तापणारं पाणी: आजच्या हीटरमध्ये याहून वेगळं काय आहे? नायक्रोमच्या तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी दाबून भरलेली असते आणि बाहेरून धातूची नळी. भुकटी उष्णता जाऊ देते, वीज अडवते. नळी रसातच बुडालेली असल्यानं जवळजवळ सगळी उष्णता रसालाच मिळते; गॅसच्या ज्योतीची बरीचशी भांड्याच्या कडेनं हवेत जाते.

आता हिशेब. २५ लिटर रस ६६ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे ३६ लाख ज्यूल लागतात, म्हणजे एक युनिट वीज. अडीच किलोवॅटच्या हीटरला त्यासाठी पंचवीसेक मिनिटं पुरतात. पण पुढच्या तासाभरात तीन लिटर पाण्याची वाफ होते आणि तेवढ्यालाच जवळजवळ दोन युनिटं जातात! झाकण ठेवून ही वीज वाचवावी, तर तेही जमत नाही. माल्टमधल्या एका संयुगापासून उकळताना डायमिथाइल सल्फाइड तयार होतं. ते उडून गेलं नाही तर बिअरला उकडलेल्या मक्यासारखा वास राहतो. तेव्हा पाच हजार लिटर वाफ घरात मोकळी सुटणारच. एक्झॉस्ट फॅन नसेल तर तिचं भिंतींवर पाणी होतं आणि मागोमाग बुरशी येते.

खरी मेख पुढे आहे. हीटर किती वॅटचा, यापेक्षा ते वॅट किती पृष्ठभागातून बाहेर पडतात याला महत्त्व आहे. किटलीचं एलिमेंट आखूड असतं. पाण्यात ते चालून जातं, कारण पाण्यात करपण्यासारखं काही नसतं. इथे साखर आहे, प्रथिनं आहेत. ती नळीला चिकटतात, थर जाड होत जातो, आतली उष्णता अडते, किटलीचं कट-आउट मध्येच पडतं आणि करपट चव सगळ्या रसात उतरते. म्हणून जाणकार लांब, दुमडलेलं एलिमेंट घेतात, चौरस सेंटीमीटरला सुमारे ८ वॅट देणारं. पाणी तापवण्याच्या आखूड एलिमेंटमध्ये हा आकडा २३ च्या घरात जातो. अमेरिकेतली एक युक्ती थेट ज्यूलच्या नियमावर चालते. २४० व्होल्टसाठी केलेलं ५५०० वॅटचं एलिमेंट १२० व्होल्टवर लावायचं. प्रवाह निम्मा होतो आणि उष्णता एक चतुर्थांश, म्हणजे १३७५ वॅट. वेळ भरपूर लागतो, पण रस करपत नाही.

महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणं दारूबंदी कायद्यानं गुन्हा आहे, त्यामुळे अशी बादली इथे कोणी करू नये. पण थंडीत आंघोळीच्या बादलीत सोडलेला रॉड आपल्याकडे घरोघरी दिसतो आणि त्याच्या पोटात तीच तार, तीच भुकटी असते. नळीला चीर गेली की भुकटी ओल धरते आणि वीज पाण्यात उतरते. अर्थिंग नसेल तर तिला जमिनीकडे जायला पाण्यात हात घालणाऱ्या माणसाचं शरीर सापडतं. ३० मिलिअँपियरला तुटणारा आरसीसीबी (वीज गळू लागताच प्रवाह तोडणारा स्विच) हा झटका क्षणार्धात तोडतो, म्हणून तो घरात हवाच. आणि पाणी तापलं की आधी बटण बंद करावं, पिन काढावी, रॉड थोडा वेळ पाण्यातच निवू द्यावा, मग तो बाहेर घ्यावा. पाण्याला बोट लावायचं ते त्यानंतर.