म्हातारं मांजर उडी मारेनासं झालंय? सांधेदुखी ओळखा, पण घरातली गोळी देऊ नका

‘आता वय झालं तिचं, दिवसभर झोपूनच असते.’ साताऱ्यातला जुना वाडा असो की सांगलीतला फ्लॅट, ज्या घरात मांजर दहा-बारा वर्षांचं झालंय, तिथं हे वाक्य हमखास ऐकू येतं. वय झालं हे खरंच. मांजराची बारा वर्षं म्हणजे माणसाची साधारण चौसष्ट. पण ओट्यावर चढायचं बंद झालं, माळ्याकडे फिरकणं थांबलं, पाठीवर हात ठेवला की गुरगुरणं सुरू झालं, तर तो नुसता म्हातारपणाचा आळस नसतो. बहुतेक वेळा सांधे दुखत असतात.

हे दुखणं किती सर्रास आहे? अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांचे एक्स-रे तपासले गेले. त्यातल्या ९० मांजरांच्या सांध्यांत किंवा मणक्यात झीज दिसली. एक्स-रेत झीज दिसली म्हणजे प्रत्येकाला वेदना होत होत्या असं नाही, तरीही आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

लंगडत नाही, मग दुखतंय कसं?

इथंच गफलत होते. कुत्र्याचा पाय दुखला की कुत्रं लंगडतं, कण्हतं. मांजर तसं करत नाही. शिवाय झीज बऱ्याचदा दोन्ही बाजूंच्या सांध्यांत असते, त्यामुळे चालण्यात एका बाजूचा फरक दिसत नाही. मांजर सरळ काही कामंच सोडून देतं.

पशुवैद्यकांनी यासाठी सहा प्रश्नांची छोटी यादी केली आहे. मांजर पूर्वीसारखं उडी मारून वर चढतं का? वरून नीट खाली उतरतं का? जिना न थांबता चढतं का? तसंच उतरतं का? धावतं का? हलणाऱ्या वस्तूच्या, म्हणजे पाल, झुरळ, दोरा यांच्या मागे लागतं का? एकाही प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं तर तपासणी करून घ्यावी.

आणखी काही खुणा आहेत. जीभ पोहोचत नाही म्हणून कमरेवरचे केस गुंतलेले, मळलेले दिसतात. नखं झिजत नाहीत, वाढून गादीत रुततात. आणि सगळ्यात जास्त बोलणी ज्यावरून खावी लागतात ती खूण म्हणजे ट्रेच्या बाहेर घाण करणं. उंच काठ ओलांडताना कंबर दुखते, म्हणून मांजर ट्रेशेजारीच बसतं. घरच्यांना तो खोडसाळपणा वाटतो.

डॉक्टरांकडे नेल्यावर भीतीनं मांजर एका जागी गोठून बसतं किंवा जीव तोडून पळतं. दोन्हींत दुखणं झाकलं जातं. म्हणून आधी घरी मोबाइलवर दोन-तीन व्हिडिओ काढावेत: जिना उतरताना, सोफ्यावर चढताना, ट्रेमध्ये जाताना. तपासणीच्या टेबलावर जे दिसत नाही ते यात दिसतं.

पॅरासिटामॉल: मांजरासाठी विष

ताप आला, अंग दुखलं की आपल्याकडे जी गोळी आधी आठवते, ती मांजराचा जीव घेऊ शकते. पॅरासिटामॉल निकामी करून शरीराबाहेर टाकण्यासाठी लागणारी यकृतातली यंत्रणा मांजरात फारच तोकडी असते. औषधाचे विषारी अंश साठतात, रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेऊ शकत नाहीत. हिरड्या तपकिरी किंवा निळसर होतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळीही पुरेशी आहे. चुकून दिली गेली असेल तर लक्षणांची वाट न पाहता लगेच पशुवैद्यकाकडे न्यावं आणि कोणती गोळी, किती वाजता दिली हे सांगावं. वेळेत पोहोचलं तर यावर उतारा देता येतो.

आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन, डायक्लोफिनॅक यांनाही घरच्या घरी हात लावू नये. डायक्लोफिनॅकवर तर जनावरांच्या उपचारासाठी देशात २००६ पासूनच बंदी आहे. ते औषध दिलेल्या मेलेल्या जनावरांचं मांस खाऊन गिधाडं संपत चालली होती.

चोळायचे बामही नकोत. मांजर अंग चाटतं, त्यामुळे कापूर, मेंथॉल पोटात जातं. हळदीबद्दल सांगलीत वेगळं काय सांगावं! पण मांजराच्या सांधेदुखीवर हळदीची ठरलेली मात्रा नाही, आणि घरगुती काढ्यात कांदा-लसूण असेल तर तो त्याच्या तांबड्या पेशी फोडतो.

मग डॉक्टर काय देतात?

सर्वात जास्त वापर मेलोक्सिकॅमचा. पण नाव तेच असलं तरी गाईचं, कुत्र्याचं, माणसाचं आणि मांजराचं औषध एक नव्हे. युरोपात मांजरासाठी मान्य असलेली रोजची मात्रा वजनाच्या दर किलोला ०.०५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे चार किलोच्या मांजराला दिवसाला ०.२ मिलिग्रॅम. मेडिकलमध्ये मिळणारी माणसाची गोळी साडेसात मिलिग्रॅमची असते, सदतीस पटींहून जास्त! ‘चतकोर तुकडा दिला तर काय होतंय’ हा हिशेब इथं चालत नाही.

त्यात म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडाचा आजार वारंवार आढळतो आणि या गटातली औषधं मूत्रपिंडावर ताण आणतात. अमेरिकेत तर मांजराला मेलोक्सिकॅम वारंवार देण्याबाबत ठळक इशाराच छापलेला असतो. म्हणून आधी रक्त आणि लघवीची तपासणी, मग औषध, आणि मधूनमधून पुन्हा तपासणी, असा क्रम पाळावा लागतो. मांजरानं खाणं सोडलं, उलट्या सुरू झाल्या तर औषध थांबवून डॉक्टरांना कळवावं.

मूत्रपिंड नाजूक असेल तर डॉक्टर गॅबापेंटिनचा विचार करतात, त्याचीही मात्रा तेव्हा कमी ठेवावी लागते. परदेशात महिन्यातून एकदा द्यायचं फ्रुनेव्हेटमॅब हे इंजेक्शन आलं आहे. वेदनेचा संदेश वाढवणाऱ्या प्रथिनाला ते अडवतं. युरोपात २०२१ मध्ये आणि अमेरिकेत २०२२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. ग्लुकोसामाइनच्या पावडरींवर मात्र फार आशा ठेवू नये, पुरावा तोकडा आहे. माशाच्या तेलातलं ओमेगा-३ त्यापेक्षा बरं.

घरात काय बदलता येईल?

बिनखर्चाचा आराम इथंच आहे. खिडकीपाशी, पलंगापाशी एखादा पाट किंवा ठोकळा ठेवला की एका उंच उडीच्या दोन बुटक्या पायऱ्या होतात. ट्रेची एक बाजू कापून उंबऱ्याएवढी ठेवावी. खाणं, पाणी आणि ट्रे एकाच मजल्यावर असावेत. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, म्हणून जायच्या वाटेवर पोतं किंवा सतरंजी अंथरावी.

महाबळेश्वर, पाचगणीकडच्या पावसाळी गारठ्यात आणि थंडीत जुनी वाकळ चार पदरी करून कोपऱ्यात टाकली तरी मांजर तिथून हलत नाही. गरम पाण्याची पिशवी ठेवायची तर कापडात गुंडाळून, आणि मांजराला उठून दूर जाता येईल अशी.

वजन जास्त असेल तर ते उतरवलंच पाहिजे, पण सावकाश. मांजराला उपवास घडवू नये. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तरी यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं.

तपासणीसाठी कुठं जायचं?

सुरुवात जवळच्या पशुवैद्यकापासून करावी. एक्स-रे किंवा पुढचा सल्ला हवा असेल तर सातारा जिल्ह्यातच, पुणे-बेंगळुरू महामार्गालगत शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. ज्यांचं नाव त्याला दिलंय ते नाना पाटील सांगलीच्या येडेमच्छिंद्रचे, पण सांगली-मिरजहून तिथं जाऊन यायला अख्खा दिवस मोडतो. म्हणून आधी फोन करून वेळ विचारावी. १९६२ हा टोल-फ्री क्रमांक मुख्यतः गाई-म्हशींच्या फिरत्या दवाखान्यासाठी आहे. जाताना मांजराला झाकलेल्या टोपलीत किंवा पिंजऱ्यात, त्याच्याच वासाच्या कपड्यावर बसवावं, आणि आधी दिलेल्या प्रत्येक औषधाचं पाकीट सोबत न्यावं.