अक्षरांचा शेजार : मराठीतील ज्ञानकोश

ज्ञानकोशातला शेजार विषयावरून ठरत नाही, अक्षरावरून ठरतो. कापूस, काफ्का आणि काबूल यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण अकारविल्हे मांडणीत पीक, लेखक आणि शहर असे तिघे एकाच ओळीत येऊन बसतात. प्रत्येकाच्या वाट्याला येते ती एक नोंद. जे सांगायचे ते थोडक्यात, नेमके आणि पडताळून सांगायचे, एवढीच त्या नोंदीकडून अपेक्षा असते.

या तिघांच्या नोंदी अशा होऊ शकतील. कापूस हे पिकाचेही नाव आणि त्यापासून मिळणाऱ्या तंतूचेही. बोंड पिकून उकलले की पांढरा तंतू बाहेर येतो. त्यातली सरकी काढली की उरते ती रुई. ओल धरून ठेवणारी काळी जमीन या पिकाला मानवते, म्हणून विदर्भ, मराठवाडा आणि खानदेश हे महाराष्ट्रातील कापसाचे मुख्य पट्टे आहेत. मोहें-जो-दडो येथील उत्खननात सुती कापडाचे अवशेष मिळाले आहेत. फ्रांट्स काफ्का (३ जुलै १८८३–३ जून १९२४) हा प्राग येथे ज्यू कुटुंबात जन्मलेला, जर्मन भाषेत लिहिणारा लेखक. शिक्षण कायद्याचे, नोकरी कामगारांच्या अपघात विमा संस्थेत, मृत्यू क्षयाने. आपली हस्तलिखिते जाळून टाकावीत ही त्याची इच्छा त्याचा मित्र माक्स ब्रोट याने मानली नाही, म्हणून त्याच्या कादंबऱ्या वाचकांपर्यंत पोचल्या. काबूल ही अफगाणिस्तानची राजधानी. ती काबूल नदीच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीवर वसली आहे. ही नदी पुढे मराठ्यांच्या इतिहासात गाजलेल्या अटकेजवळ सिंधूला मिळते. मोगल सत्तेचा संस्थापक बाबर याची कबर काबूलमध्येच आहे.

वरच्या नोंदींत एक ठरावीक घडण दिसते. वस्तू असेल तर आधी ती काय आहे ते सांगायचे. माणूस असेल तर नावालगत कंसात जन्म-मृत्यूच्या तारखा द्यायच्या. गाव असेल तर आधी ते कुठे आहे ते सांगायचे. कारणे, कार्य आणि महत्त्व त्यानंतर येते. एका नोंदीत आलेल्या विषयावर स्वतंत्र नोंद असेल तर वाचकाला खुणेने तिकडे वळवायचे. या खुणांमुळे विस्कळीत वाटणारी माहिती एकमेकींशी जोडली जाते. कापसाची नोंद वाचणारा तिथून सूतगिरणीकडे जातो, सूतगिरणीवरून मुंबईकडे आणि मुंबईवरून बंदरांकडे.

सर्व विद्यांचा सारांश एका ग्रंथात आणण्याची कल्पना दख्खनला नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हे त्याचे दुसरे नाव. पाच भाग, प्रत्येक भागात वीस अध्याय, असे शंभर अध्याय त्यात आहेत. राज्यकारभार, रत्नपरीक्षा, हत्ती, वैद्यक, संगीत, खेळ आणि पाकक्रिया असे नाना विषय त्यात येतात. मात्र त्याची मांडणी विषयवार आहे. हवे ते नाव अक्षरावरून चटकन शोधण्याची सोय छपाईच्या युगातील कोशांनी आणली.

मराठीत अशा कोशाची वाट एकोणिसाव्या शतकात रघुनाथ भास्कर गोडबोले यांनी पाडली. त्यांचा ‘भारतवर्षीय प्राचीन ऐतिहासिक कोश’ १८७६ साली आणि ‘भारतवर्षीय अर्वाचीन कोश’ १८८१ साली निघाला. जगातील सर्व विषयांना कवेत घेणारा पहिला मोठा मराठी कोश मात्र श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी सिद्ध केला. केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे झाला. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट मिळवली. भारतातील जातिसंस्थेचा इतिहास हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. परत आल्यावर त्यांनी ज्ञानकोशाचे काम हाती घेतले. राजाश्रय नव्हता, सरकारी अनुदान नव्हते. केतकरांनी ज्ञानकोश मंडळ या नावाची मर्यादित कंपनी काढली, लोकांकडून भागभांडवल उभे केले आणि गावोगाव वर्गणीदार मिळवले. कामाची सुरुवात नागपुरात झाली. पुढे कार्यालय पुण्यास आले.

‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ १९२९ पर्यंत पूर्ण झाला. त्याचे एकूण २३ खंड आहेत. पहिले पाच प्रस्तावनाखंड असून त्यांत हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग आणि विज्ञानेतिहास हे विषय आहेत. अकारविल्हे नोंदी सहाव्या खंडापासून सुरू होतात. पुढे एक सूचीखंड आहे. सुट्या नोंदी देण्याआधी जगाच्या इतिहासाचा सलग पट वाचकापुढे ठेवावा, ही केतकरांची योजना होती. ज्ञानाचा साठा परभाषेत कुलुपबंद राहिला तर समाज दुबळा राहतो, या जाणिवेतून हे काम उभे राहिले. जर्मनीत जन्मलेल्या त्यांच्या पत्नी शीलवती केतकर याही विदुषी होत्या. विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयाच्या जर्मन इतिहासाचे त्यांनी इंग्रजीत भाषांतर केले. केतकरांचे निधन १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात झाले. ‘ज्ञानकोशकार’ ही उपाधी त्यांच्या नावाला कायमची चिकटली.

ज्ञानकोशाच्या कामातून कोशकारांची एक पिढी तयार झाली. केतकरांचे सहकारी यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी पुढे ‘महाराष्ट्र शब्दकोश’ सिद्ध केला आणि सामान्य वाचकासाठी सहा भागांचा ‘सुलभ विश्वकोश’ही दिला. एकेका विषयाला वाहिलेले कोशही निघाले. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे तीन चरित्रकोश रचले. बडोद्याहून आबासाहेब मुजुमदार यांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत प्रसिद्ध झाला. गोव्यातील सत्तरी भागात जन्मलेल्या पंडित महादेवशास्त्री जोशी यांनी दहा खंडांचा ‘भारतीय संस्कृतिकोश’ पुण्यात पूर्ण केला. स. मा. गर्गे यांनी ‘भारतीय समाजविज्ञान कोश’ संपादित केला. यांतील बहुतेक कामे एखाददुसऱ्या माणसाच्या जिद्दीवर तडीस गेली.

महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर हे काम शासनाने अंगावर घेतले. १९६० साली साहित्य आणि संस्कृती मंडळ स्थापन झाले; तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष आणि मराठी विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत घडलेल्या तर्कतीर्थांमुळे विश्वकोशाचे कार्यालय वाईतच, कृष्णेच्या काठी थाटले गेले. पहिली अडचण शब्दांची होती. भौतिकी, रसायनशास्त्र, अर्थशास्त्र यांत रोज लागणाऱ्या संज्ञांना मराठीत एकसारखे प्रतिशब्द नव्हते. प्रत्येक लेखकाने आपापला शब्द वापरला असता तर वाचकाचा गोंधळ उडाला असता. म्हणून आधी परिभाषासंग्रह तयार झाला. तो १९७३ साली निघाला आणि नोंदींचा पहिला खंड १९७६ साली. १९८० साली विश्वकोशासाठी स्वतंत्र निर्मिती मंडळ स्थापन झाले. तर्कतीर्थांचे निधन २७ मे १९९४ रोजी झाले. त्यांच्यानंतर मे. पुं. रेगे यांच्यासारख्या संपादकांनी काम पुढे नेले. विसावा खंड दोन भागांत प्रसिद्ध होऊन २०१५ साली ही मालिका पूर्ण झाली. तिच्यात अठरा हजारांहून अधिक नोंदी आहेत.

एका नोंदीमागे बरीच माणसे असतात. विषयतज्ज्ञ मजकूर लिहितो, संपादक तो काटतो, दुसरा जाणकार तपासतो, भाषा एकसारखी केली जाते, परकी नावे मूळ उच्चाराला धरून देवनागरीत आणली जातात, तारखा आणि आकडे पुन्हा पडताळले जातात. चार पानांची माहिती चार परिच्छेदांत बसवताना काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हा निर्णय सर्वांत अवघड असतो. नोंद जितकी छोटी, तितकी चूक महाग पडते. कारण वाचक ती पुढे ताडून पाहत नाही, आधार म्हणून वापरतो.

छापील कोशाची मर्यादाही इथेच आहे. पहिला आणि शेवटचा खंड यांत जवळजवळ चाळीस वर्षांचे अंतर पडले. त्या काळात सोव्हिएत संघ राहिला नाही, गावांची नावे बदलली, वैद्यकात नवे उपचार आले. म्हणून विश्वकोश आता संकेतस्थळावर उपलब्ध आहे आणि विषयवार ज्ञानमंडळांमार्फत नव्या नोंदी लिहिल्या जात आहेत. केतकरांचा ज्ञानकोशही महाजालावर मोफत वाचता येतो. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात तर कोणताही जाणता वाचक स्वतः नोंद लिहू शकतो, चूक सुधारू शकतो.

साधन बदलले तरी कोशाचा कस तोच राहतो. माहिती खरी असावी, तिला आधार असावा आणि ती शाळकरी मुलापासून अभ्यासकापर्यंत सर्वांना कळेल अशा मराठीत असावी. केतकरांनी वर्गणीदारांच्या बळावर उभे केलेले आणि वाईच्या कार्यालयाने चिकाटीने तडीस नेलेले हे धन मराठी वाचकाचे आहे. ते वापरणे आणि आपल्याला पक्के ठाऊक असलेली एखादी नोंद त्यात भरणे, हीच त्याची राखण.